जे खाजतं आणि जे खाजत नाही

(महिला मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, आपल्या सेवाकेंद्रातून निवृत्त झालेल्या परिचारिकेने केलेलं भाषण. ज्यांना मेळाव्याला येता आलं नाही त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



मला विषय दिला आहे, 'त्वचेचं आरोग्य आणि रोजच्या सवयी'. घरी सांगितलं तेव्हा माझी सून हसायला लागली. म्हणाली, "आई, तुम्ही जन्मात कधी पावडर लावली नाहीत, तुम्ही त्वचेवर काय बोलणार?" तिचं खरं आहे. गोरं कसं दिसावं, सुरकुत्या कशा घालवाव्यात हे मला येत नाही. पण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात सत्तावीस वर्षं काम केलं, आणि त्यातला निम्मा वेळ लोकांची कातडी बघण्यात गेला. हातांच्या बेचक्या, पायांचे तळवे, लेकरांची डोकी. त्या कातडीने मला जे शिकवलं ते सांगते. त्यात माझी एक चूकही आहे. ती गाळली तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

आधी तुम्हा सर्वांना माहीत असलेली एक गोष्ट आठवू. अरामाचा सेनापती नामान. मोठा माणूस, पण अंगावर कोड. अलीशाच्या दारी रथ-घोडे घेऊन गेला आणि संदेष्ट्याने निरोप काय पाठवला, तर यार्देनेत सात वेळा अंघोळ कर. नामानाला राग आला. एवढ्यासाठी का मी इतक्या लांब आलो? तेव्हा त्याच्या चाकरांनी त्याला समजावलं, की काही अवघड सांगितलं असतं तर केलं असतंच ना, मग हे सोपं का करत नाही? चमत्कार देवाचा होता, अंघोळीने कुष्ठरोग जात नाही, हे मी परिचारिका म्हणून स्पष्ट सांगते. पण नामानाचा तो राग मी रोज पाहिला आहे. महागडं मलम लिहून दिलं तर माणूस खूश होतो. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा म्हटलं, तर 'एवढंच?' म्हणतो.

आता माझी चूक.

आपल्या वसतिगृहात तेव्हा अठ्ठेचाळीस मुली होत्या. बहुतेक वारली आणि कोकणा, थोड्या कातकरी. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप वीटभट्टीवर कामाला जातात, भिवंडीकडे, वसईकडे. शिमग्याला घरी येतात, काही पावसाच्या तोंडावरच परततात. जून महिन्यात शाळा उघडली आणि पाचवीतली एक मुलगी आली. सुट्टीत ती आईबापांबरोबर भट्टीवर राहून आली होती. हातांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला बारीक पुरळ, खाजवून खाजवून रक्त आलेलं. रात्री झोपायची नाही. खरूज, बघताक्षणी कळलं. मी हातांना लावायला मलम दिलं. आठवड्याने बरी वाटली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा आली तेव्हा माझा तोल गेला. सकाळची प्रार्थना संपून मुली ओळीत उभ्या होत्या. सगळ्यांसमोर मी मोठ्याने म्हणाले, "किती वेळा सांगायचं, स्वच्छ राहा म्हणून? आजपासून हिचं अंथरूण वेगळं."

त्या दिवसापासून मुली तिला 'खरूजवाली' म्हणायला लागल्या. ती दारापाशी एकटी झोपू लागली. एका रविवारी बाप आला आणि तिला घेऊन गेला. मी नोंदवहीत लिहिलं, 'पालक घेऊन गेले'. माझी अक्कल तेवढीच चालली.

पुढच्या महिन्यात तालुक्याला आरोग्य शिबिर होतं. शहरातून एक त्वचारोगतज्ज्ञ बाई आल्या होत्या. मी आमच्या दुसऱ्या दोन मुलींना दाखवायला नेलं, कारण आता त्यांना खाज सुटली होती. डॉक्टरबाईंनी हात पाहिले आणि मला विचारलं, "ह्यांच्या शेजारी कोण झोपतं?" मी नावं सांगितली. त्या म्हणाल्या, "आणि त्यांच्या शेजारी?" मी पुन्हा नावं सांगितली. असं करत करत अठ्ठेचाळीस मुली झाल्या, स्वयंपाकाच्या मावशी झाल्या, आणि शेवटी मी झाले. माझ्याही मनगटाला आठवडाभर खाज होती. मी ती घड्याळाच्या पट्ट्यावर ढकलली होती.

त्या दिवशी मला समजलं ते तुम्हीही ऐका. खरूज घाणीने होत नाही. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा एक किडा असतो. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. हा किडा उडत नाही, उड्या मारत नाही. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर चालत जातो, आणि त्यासाठी कातडीला कातडी बराच वेळ लागावी लागते. नुसत्या हात मिळवण्याने तो सहसा जात नाही. म्हणजे तो कुठे पसरतो? जिथे लेकरं आईला बिलगून झोपतात तिथे. जिथे दोन मैत्रिणी एका गोधडीत झोपतात तिथे. ती मुलगी रोज अंघोळ करत होती, बहिणींनो. तिच्यात काही कमी नव्हतं. मला माहिती कमी होती.

दुसरी गोष्ट. किडा पहिल्यांदा अंगात शिरला की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर माणसाला पत्ता नसतो, पण तो दुसऱ्याला देऊ शकतो. मी एकटीला औषध देत होते आणि तिच्या शेजारच्या पाच जणी, ज्यांना अजून खाजत नव्हतं, तिला ती पुन्हा देत होत्या. दोष मात्र तिच्या माथी.

मग आम्ही 'मलमाची रात्र' सुरू केली. शनिवारी संध्याकाळी सगळ्या मुली, मावशी, अधीक्षिकाबाई आणि मी. एकही सुटता कामा नये. डॉक्टरांनी दिलेलं पर्मेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. खाजतं तेवढंच नव्हे, पूर्ण अंगाला. बोटांच्या बेचक्या, नखांच्या खाली, बेंबी, काखा, जांघा, काही सोडायचं नाही. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. रात्रभर ठेवून सकाळी अंघोळ. पांघरुणं, चादरी, अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात. जी घोंगडी उकळता येत नाहीत ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. आम्ही तरी आठवडाभर पिशव्या सोडल्या नाहीत. पुढच्या शनिवारी पुन्हा तसंच, कारण अंड्यांतून निघालेली पिल्लं राहिली असतील तर तीही जायला हवीत. घरात तान्हं बाळ असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर त्यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारायचं.

एक सूचना लक्षात ठेवा. औषध केल्यानंतरही दोन ते चार आठवडे थोडी खाज राहते. किडे मेलेले असतात, पण कातडी शांत व्हायला वेळ लागतो. लोक घाबरून रोज मलम चोपडत राहतात आणि त्यानेच कातडी जळजळते. धीर धरायचा. महिन्यानंतरही नवीन पुरळ येत असेल तर पुन्हा दाखवायचं.

'खाजच तर आहे' म्हणून कोणी हसू नये. खाजवलेल्या जागी जंतू शिरतात, पिवळे पू भरलेले फोड येतात, आणि त्यातल्या काही लेकरांच्या मूत्रपिंडांना सूज येते. सकाळी चेहरा सुजलेला, लघवी चहासारखी तांबूस. असं मूल दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. दुर्लक्ष करणाऱ्यांत मीही होते.

वसतिगृह शांत झोपायला लागलं, पण मला झोप येईना. ऑक्टोबरात मी मलमाच्या ट्यूबा पिशवीत घेतल्या, एसटीने फाट्यापर्यंत गेले आणि तिथून दीड तास चालत त्या मुलीचा पाडा गाठला.

ती दाराशी नाचणी निवडत बसली होती. मला बघून आत पळाली. मी तिच्या आईसमोर, बापासमोर, आजीसमोर सांगितलं, की चूक माझी होती. खरूज हिच्यामुळे झाली नाही, हिच्या अंगी घाण नव्हती, मी हिला सगळ्यांत बोलले ते चुकीचं होतं. आई काही बोलली नाही. चुलीवर कोरा चहा ठेवला. मग म्हणाली, "आल्यात तं बसा आता." त्या रात्री मी तिथेच राहिले, आणि त्या घरातही मलमाची रात्र झाली. आठ माणसं. सगळ्यांना लावून झालं, शेवटी आजी.

आजीच्या पायाला मलम लावताना कंदिलाच्या उजेडात मला तळवा दिसला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, आणि तिच्यात काटा. आत मोडलेला, काळा पडलेला. मी म्हटलं, "आजी, किती दिवस झाले?" आजीला काटा रुतल्याचंच माहीत नव्हतं. मग मी मांडीकडे पाहिलं. फिकट चट्टा, तळहाताएवढा. डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकाने हळूच टोचलं, "कुठे लागलं सांग." बाकी सगळीकडे ती बोट ठेवत होती. चट्ट्यावर टोचलं तेव्हा गप्प.

"हा चट्टा कधीपासून?"

"लय वरसं झाली."

"कधी दाखवला नाहीस?"

आजी हसली. "खाजत नाय, दुखत नाय. दाखवू कशाला, बाई?"

आज मला तुम्हाला सांगायचं आहे ते सगळं आजीच्या या एका वाक्यात आहे. जे खाजतं त्याची आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण ते लपवतो. जे खाजत नाही त्याची आपल्याला फिकीर नसते, म्हणून आपण ते बघत नाही. कातडीचे निम्मे हाल या दोन गोष्टींनी होतात.

2005 च्या अखेरीस आपल्या देशाने जाहीर केलं, की कुष्ठरोग ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही. त्याचा अर्थ एवढाच होता, की देशपातळीवर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले. लोकांनी ऐकलं, 'रोग संपला'. तो संपलेला नाही. जगात दरवर्षी जे नवे रुग्ण सापडतात त्यांतले निम्म्याहून अधिक आजही आपल्या देशातले असतात. फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला स्पर्श कळत नाही, जो खाजत नाही, ही त्याची खूण. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सहा महिने किंवा बारा महिने, रोगाच्या प्रकाराप्रमाणे. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला लागण होणं थांबतं.

डॉ. पॉल ब्रँड यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. 1914 साली तमिळनाडूत मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मले, आणि 1946 मध्ये शल्यविशारद म्हणून वेल्लोरला आले. तोवर सगळे मानत, की कुष्ठरोग बोटं खातो. ब्रँड यांनी रुग्णांच्या बाजूला बसून निरखून पाहिलं आणि दाखवून दिलं, की बोटं झडतात ती दुखणं कळत नाही म्हणून. गरम भांडं उचललं, कळलं नाही. खिळा रुतला, कळलं नाही. काही रुग्णांची बोटं रात्री झोपेत उंदीर कुरतडत होते, आणि त्यांना जाग येत नव्हती. यावर त्यांनी रुग्णांना घरी नेण्यासाठी मांजरं दिली. बघा, केवढा मोठा सर्जन आणि उपाय काय, तर मांजर. नामानाला हा उपाय आवडला नसता.

आजीचं औषध बारा महिन्यांचं होतं. पहिल्या गोळ्यांनंतर लघवी तांबडी झाली, ती घाबरली. गोळीचा रंग असतो, समजावलं. दुसऱ्या एका गोळीने कातडी काळपट पडते. पाड्यावर बायका म्हणायला लागल्या, म्हातारी जळली. औषध बंद झाल्यावर हा रंग हळूहळू उतरतो, हेही घरोघरी जाऊन सांगावं लागलं. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. आजीचा रोग बरा झाला. पण पायाची गेलेली जाणीव परत आली नाही. ती लवकर औषध घेतलं असतं तर कदाचित वाचली असती. जाणीव नसलेला पाय सांभाळायचा, तर एकच मार्ग. पाय जे सांगत नाही ते डोळ्यांनी बघायचं.

म्हणून आता रोजच्या सवयी सांगते. नामानाने सात बुड्या मारल्या, मीही सातच सांगते. ह्या डोंगरातल्या माणसांसाठी आहेत तशा तुमच्यासाठीही आहेत.

पहिली, पाणी. अंघोळ कोमट पाण्याने, कडकडीत नको. फार गरम पाणी कातडीवरचं नैसर्गिक तेल धुऊन नेतं. हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसांना अंगभर खाज सुटते, तिचं कारण पुष्कळदा बंबातलं पाणी असतं. साबण काखा, जांघा, पाय इथे लावा. अंग घासणीने खरवडू नका.

दुसरी, कोरडं करणं. अंघोळीनंतर पायांच्या बोटांमधल्या बेचक्या, जांघा, छातीखालची जागा नीट टिपून घ्या. गजकर्ण आणि चिखल्या ओलाव्यात वाढतात. पावसाळ्यात दमट कपडे घालू नका. आणि प्रत्येकाचा पंचा वेगळा. आपल्याकडे बाथरूमच्या खुंटीवर एकच टॉवेल लटकत असतो आणि घरभर गजकर्ण फिरत असतं.

तिसरी, तेल. अंग किंचित ओलसर असतानाच तेल लावा, म्हणजे पाणी आत धरून ठेवलं जातं. खोबरेल चालेल, साधं व्हॅसलीन चालेल. आमच्याकडच्या आज्या मोहाच्या बियांचं तेल लावत. ही सवय त्यांना कोणी शिकवावी लागली नाही, मीच त्यांच्याकडून शिकले. टाचांना भेगा असतील तर पाय वीस मिनिटं साध्या पाण्यात ठेवा, वज्रीने हलकेच घासा आणि लगेच तेल लावा. ब्लेडने कातडी कापू नका.

चौथी, नखं. आठवड्यातून एकदा कापायची. खाजवताना जखम नखाने होते आणि जंतूही नखातूनच जातात. आम्ही वसतिगृहात रविवारी उपासनेआधी नखं बघतो. आता ओळीत उभं करून नाही, जोडीजोडीने, एकमेकींची.

पाचवी, ऊन आणि पायताण. दुपारच्या कडक उन्हात डोक्यावर पदर, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे. पायांत चप्पल घरातसुद्धा, विशेषतः मधुमेह असेल तर. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची. खडा आत असला तर ज्याला जाणीव आहे त्याला कळेल, ज्याला नाही त्याला कळणार नाही.

सहावी, चिठ्ठीशिवाय मलम नको. हे जरा जोरात सांगते. गजकर्ण झालं की आपण दुकानात जातो आणि 'खाजेचं मलम द्या' म्हणतो. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून वाटतं गुण आला. आत बुरशी वाढत राहते, चट्टा पसरतो, कातडी पातळ होते. मग साध्या औषधाला रोग दाद देत नाही. तेच मलम मुली गोऱ्या होण्यासाठी चेहऱ्याला लावतात, आणि काही महिन्यांनी चेहरा लाल होतो, लव वाढते, ऊन सोसत नाही. तुम्ही दरवर्षी नाताळात आम्हाला औषधांची खोकी पाठवता. प्रेमाने पाठवता, मला ठाऊक आहे. पण घरात उरलेल्या अर्ध्या ट्यूबा कृपा करून पाठवू नका. त्यात काय आहे हे ज्या आईला वाचता येत नाही, तिच्या हातात ती ट्यूब पडते.

सातवी, बघणं. रोज रात्री निजताना तळपाय बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नाहीतर घरातल्या कोणाला तरी बघायला सांगा. आपल्यापैकी किती जणांना मधुमेह आहे? हात वर करू नका, मेळाव्याच्या जेवणात पुरणपोळी आहे, मला कळेलच. मधुमेहातही पायाची जाणीव अशीच हळूहळू जाते. आजीच्या पायाला जे झालं ते शहरातल्या टाईल्सवर चालणाऱ्या पायालाही होतं. आणि महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी सगळं अंग बघा. न खाजणारा चट्टा, न भरणारी जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, यातलं काहीही दिसलं तर दाखवा.

सात झाल्या. यातल्या एकीलाही फारसा पैसा लागत नाही. पण बहिणींनो, पाणी लागतं. मोखाड्यात पावसाळ्यात आभाळ फाटतं, आणि मार्च उजाडला की विहिरींचा तळ दिसतो. बाया हंडा घेऊन तासन्‌तास बसतात, विहिरीत पाझरणारं पाणी वाटीने भरतात. त्या बाईला 'रोज अंघोळ कर' असं सांगताना माझी जीभ अडखळायची. सवय ही नुसती मनाची गोष्ट नसते. तिला बादली लागते, स्वतःचा पंचा लागतो, निजायला वीतभर वेगळी जागा लागते. आपण ज्याला अस्वच्छता म्हणतो ती पुष्कळदा टंचाई असते. म्हणून यंदा खोक्यांऐवजी पंचे पाठवा, नेलकटर पाठवा, साध्या चपला पाठवा. दोन वर्षांपूर्वी तुमच्या दानातून वसतिगृहाला पाण्याची टाकी झाली. मी हिशेब ठेवणारी बाई नाही, पण एवढं सांगू शकते, की त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या औषधाच्या कपाटातलं मलम पूर्वीपेक्षा सावकाश संपलं.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. ती त्या वर्षी परत आली नाही. पुढच्या जूनमध्ये आली, एक वर्ष मागे पडून. पहिल्या शनिवारी मलमाची रात्र होती. मी ट्यूब घेऊन उभी होते. ती पुढे आली, माझ्या हातातली ट्यूब घेतली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या पाठीला मी लावते. तुमचा हात पोचत नाही." मी पाठ केली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिला दिसलं नाही, बरं झालं.

प्रभूने कुष्ठरोग्याला बरं केलं तेव्हा आधी हात लांब करून त्याला स्पर्श केला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी इतकी वर्षं हातमोजे घालून आणि न घालता कितीतरी लोकांना स्पर्श केला, पण त्या मुलीने माझ्या पाठीला लावलेला हात मला वेगळं काही शिकवून गेला. जिला मी वेगळं झोपवलं, तिने मला जवळ घेतलं.

सुट्टीत ती घरी जाते तेव्हा रोज संध्याकाळी आजीचे पाय पाण्यात ठेवते, तेल लावते, आणि चिमणीच्या उजेडात दोन्ही तळवे बघते. आजी म्हणते, "काय दिसतं गं?" ती म्हणते, "काय नाय, आजी. आज काय नाय." मग दोघी झोपतात.

आज घरी गेल्यावर दिवा मालवण्याआधी आपले तळपाय बघा. शेजारी म्हातारं माणूस असेल तर त्याचेही बघा. एवढंच सांगायला मी आले होते.